मागच्या दिशेचा आवाज

सासरी माझी ओळख ‘कॉम्प्युटरवर आवाज धुणारी’ अशी आहे, आणि ती खोटी नाही. डोंबिवलीच्या एका क्लासची ऑनलाइन लेक्चर्स माझ्याकडे येतात. त्यांतला पंखा, खोकला, रिक्षाचा हॉर्न काढून मी ती परत पाठवते. सरांचं दर दोन वाक्यांनी येणारं ‘कळलं का’ही काढता येतं, पण मग लेक्चर निम्मंच उरतं, म्हणून ते ठेवते. हे सगळं घरी बसून, कानाला हेडफोन लावून चालतं. त्यामुळे घरच्यांच्या मते मी दिवसभर गाणी ऐकते.

घर कोलशेतला, चौदाव्या मजल्यावर. आता जिथे पार्किंग आहे तिथे सासऱ्यांचं भाताचं शेत होतं आणि क्लब हाऊस आहे तिथे मिठागर. बिल्डर आला, शेत उभं राहिलं, आणि आमची माणसं आपल्याच जमिनीच्या वर लिफ्टने जाऊन राहू लागली. सासूबाई ए विंगमध्ये आमच्याकडे. त्यांची मोठी जाऊ बी विंगमध्ये, तिच्या मुलाकडे. सासूबाईंना मी आई म्हणते आणि त्यांच्या जावेला अख्खं खानदान मोठ्या आई म्हणतं. दोघींच्या बाल्कन्या समोरासमोर. रोज सकाळी दोघी आपापल्या बाल्कनीत मिरच्या वाळत घालतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत. भांडण नाही. सणावाराला ताटं जातात-येतात, आजारपणात विचारपूस होते, पण दोघी शेजारी बसून हसल्यात असं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नव्हतं.

याचं कारण एक रेकॉर्ड. ही कथा मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की मीच तिथे हजर होते असं वाटतं. पन्नासेक वर्षांपूर्वी, दोन्ही जावा तरुण असताना, मुंबईहून एक साहेब गावात आला. परदेशात राहिलेला, आणि परत येताना सोबत एक खूळ घेऊन आलेला: चार बाजूंनी ऐकू येणारी रेकॉर्ड. घराच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवायचे, मधे आपण बसायचं, आणि गाणं पुढून, मागून, सगळीकडून. आता चार बाजूंनी ऐकवायचं तर चार बाजूंना बसून गाणारी माणसं हवीत. गवई सगळे एका दिशेला तोंड करून बसतात. कोणीतरी त्याला सांगितलं की आगऱ्यांच्या लग्नात बायका नवरीभोवती बसून धवले गातात. साहेब कोलशेतात हजर.

धवले म्हणजे लग्नातल्या प्रत्येक विधीची गाणी. भटजींचे मंत्र नवरा-नवरीला कळत नाहीत आणि धवले सगळ्यांना कळतात, एवढाच काय तो फरक. मोठ्या आई ते त्यांच्या आईकडून शिकलेल्या, म्हणून त्या पुढे म्हणणार आणि बाकी तिघी मागून झेलणार असं ठरलं. तिघींतल्या एक आमच्या आई, शहाडहून नवीनच लग्न होऊन आलेल्या. दोन्ही जावांची सासू, म्हणजे माझी आजेसासू, हिने प्रत्येकीला एक आणि स्वतःला दोन लुगडी कबूल करून घेऊन परवानगी दिली.

स्टुडिओत साहेबाने मोठ्या आईंना मधोमध पुढे उभं केलं, दोघींना डावी-उजवीकडे, आणि आईंना बरोबर मागे. आईंचा आवाज गावात सगळ्यांत मोठा. खाडीतल्या होडीवाल्याला हाक मारायची तर लोक आईंना बोलवायचे. साहेब म्हणाला, ही लांबच बरी.

काही महिन्यांनी रेकॉर्ड आली. ती वाजवायला कोणाकडून तरी पेटी आणली, एकच स्पीकर असलेली, झाकण उघडून वाजवायची. आजेसासू अगदी पेटीसमोर बसली, मागे सगळं गाव. मोठ्या आई खणखणीत वाजल्या. डावी-उजवीकडच्या दोघीही वाजल्या. आई मात्र वाजल्याच नाहीत. गावातला सगळ्यांत मोठा आवाज, आणि तबकडीत त्याचा पत्ता नाही. तेव्हा मोठ्या आईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ही घाबरलेली, नुसती तोंड उघडून उभी होती.

झालं. आमच्या खानदानात तेव्हापासून म्हणच पडली. वेळेवर ज्याला बोलता येत नाही तो ‘तोंड उघडून उभा’. नोकरीच्या मुलाखतीत गप्प बसलेला पुतण्या तोंड उघडून उभा. बिल्डरसमोर मान डोलावून आलेले काका तोंड उघडून उभे. मी स्वतः हे वाक्य माझ्या नवऱ्यावर अनेकदा वापरलं आहे, तेही आईंच्या देखत. त्या रेकॉर्डनंतर आई कुठल्याही लग्नात पुन्हा गायल्या नाहीत. हळदीत बायका हाताला धरून ओढायच्या, तर त्या भांडी मोजायला आत जायच्या.

मोठ्या आईंचा मुलगा, म्हणजे माझे थोरले चुलत दीर, हळदीला साऊंड पुरवतात. आमच्याकडे हळदीला साऊंड हा नवरदेवापेक्षा महत्त्वाचा. नवरदेव थोडा उशिरा आला तर चालतो. दिरांचं गोडाऊन बाळकुमच्या बाजूला होतं ते हलवताना जुन्या सामानात ही रेकॉर्ड निघाली, आणि ते ती थेट माझ्याकडे घेऊन आले. कव्हरवर समुद्र होता, त्यात एक शिडाचं जहाज, जे आमच्या खाडीने जन्मात पाहिलेलं नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘चार दिशांचा आवाज’ आणि चारी बाजूंना बाण. गाणाऱ्यांची नावं नव्हती. खाली बारीक अक्षरांत ‘ठाणे परिसरातील स्त्रिया’ एवढंच होतं. परिसरातील झाडं-झुडपं म्हणावं तसं.

दिरांना त्याचा व्हिडिओ करून टाकायचा होता. मोठ्या आईंचा तरुणपणीचा आवाज, मागे ड्रोनने काढलेली खाडी, वगैरे. मी हो म्हटलं. ते गेल्यावर आई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “यातना माजा आवाज कार.”

यातून माझा आवाज काढ, असं. मी समजावून सांगितलं की धूळ, खरखर, रिक्षा यांतलं काहीही मी काढून टाकू शकते, पण जो आवाज मुळात नाहीच तो कुठून आणणार. त्या म्हणाल्या, “हाय. तू कार.” या बाईने मला लग्न झाल्यापासून एकही गोष्ट मागितलेली नाही. साडी आणली तर दुसऱ्या दिवशी कामवालीच्या अंगावर दिसते. त्यामुळे मी प्लेअर शोधायला लागले.

प्लेअर ठाकुर्लीत मिळाला, एका निवृत्त गृहस्थांकडे. त्यांच्या घरी रेकॉर्ड्स इतक्या की पलंगाखालून केरसुणी फिरत नाही. त्यांनी मला अटी सांगितल्या: तबकडीला बोट लावायचं नाही, सुईवर फुंकर मारायची नाही, आणि प्लेअर हळदीच्या मंडपात न्यायचा नाही. शेवटची अट त्यांनी माझं सासर कुठलं हे ऐकल्यावर घातली. त्यांच्या पत्नीने मात्र प्लेअर स्वतः पिशवीत भरून दिला आणि आरामात परत करा म्हणाल्या. एक तरी वस्तू घरातून गेली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

प्लेअर लॅपटॉपला जोडला, तबकडी धुतली, वाळवली आणि चढवली. इथे सांगायला हवं की रेकॉर्डिंग करताना आम्ही लोक कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतो. पडद्यावर आवाजाच्या लाटा सरकत असतात. त्या लाल झाल्या नाहीत म्हणजे बरं चाललंय. लाटा लाल झाल्या नाहीत. मी फाइल सेव्ह केली आणि रविवारी दिरांना बोलावलं. चार दिशांचं नंतर बघू, आधी आहे तसं दोन स्पीकरवर ऐकू म्हटलं.

रविवारी दीर दोनाऐवजी चार स्पीकर घेऊन आले, एकेक माणसाच्या उंचीचा. सोबत मिक्सर, वायरींची गुंडाळी आणि मोठ्या आई. आमच्या हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवला तर शोकेस थरथरते. दिरांनी मिक्सरचा एकच आवाज चारही स्पीकरना दिला आणि चारी स्पीकर सोफ्याकडे तोंड करून ओळीने मांडले, हळदीत मांडतात तसे. मी विचारलं, डावा-उजवा वेगळा नको का? त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. हळदीत कोणी मधे बसून ऐकत नाही. अर्धे लोक मंडपात, अर्धे रस्त्यावर, काही बिअर घेऊन गाडीमागे. डावीकडच्याला डावं आणि उजवीकडच्याला उजवं ऐकू गेलं तर मारामारी होईल. म्हणून सगळ्यांना सगळं, एकच. मला ते पटलंही.

गाणं सुरू झालं. मोठ्या आईंचा पंचविशीतला आवाज आमच्या हॉलभर झाला. खरं सांगते, अंगावर काटा आला. माझा नवरा, जो स्वतःच्या लग्नात रडला नव्हता, तो डोळे पुसत होता. डावी-उजवीकडच्या दोघींचाही आवाज आला. आई दारात उभ्या होत्या. त्यांचा एक कान हल्ली पार गेलाय, म्हणून चांगला कान पुढे करून, मान वाकडी करून त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. आणि त्यांचा आवाज आला नाही.

गाणं संपल्यावर मोठ्या आई माझ्याकडे वळून म्हणाल्या की बघ, मशिनी बदलल्या, पण ही अजून तोंड उघडूनच उभी आहे. सगळे हसले. आई आत गेल्या आणि नळ सोडून भांडी घासायला लागल्या, घासलेलीच.

मला भयंकर राग आला. मोठ्या आईंचा आलाच, पण जास्त माझा आला. चारचौघांत लावण्याआधी एकदा नीट ऐकून बघायला काय झालं होतं? क्लासच्या सरांचा खोकला मी तीनतीनदा ऐकते आणि सासूचा आवाज मात्र डोळ्यांनी ऐकून मोकळी झाले. स्पीकर खाली गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि हेडफोन घातले.

आणि त्यात एक चौथी बाई होती.

मोठ्या आई समोर होत्या, दोघी दोन कानांत होत्या, आणि एक आवाज असा होता की तो कुठून येतोय तेच कळेना. ना डावीकडून, ना उजवीकडून, डोक्याच्या आत कुठेतरी भोवळ आल्यासारखा फिरत होता. पण होता, आणि चांगला दणदणीत होता. मग हॉलमध्ये का नव्हता? मी सॉफ्टवेअरमधलं दोन्ही बाजू एकत्र करण्याचं बटण दाबलं, दिरांच्या मिक्सरने केलं तेच. चौथी बाई गायब. बटण सोडलं, हजर. पुन्हा दाबलं, गायब. मी बराच वेळ वेड्यासारखी तेच करत बसले.

त्यानंतरचे काही दिवस माझी उठबस जगभरच्या म्हाताऱ्यांमध्ये होती. या मेलेल्या तंत्रज्ञानावर अजून भांडणारी माणसं इंटरनेटवर आहेत, आणि भाऊबंदकी काय असते ते त्यांच्याकडून शिकावं. तबकडीच्या खाचेत जागा दोनच आवाजांची असते. चार बसवायचे तर घड्या घालाव्या लागतात, जशा आपण चार जणांचं जेवण दोन पुडांच्या डब्यात कोंबतो. प्रत्येक कंपनीची कोंबायची रीत वेगळी. जो ज्या रीतीचा तो दुसऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाही. शेवटी सगळ्याच रीती बुडाल्या, कारण चार स्पीकर आणि त्यांच्यामधे ठेवायला सोफा एवढी जागा कोणाकडेच नव्हती.

पण त्यांच्यामुळे मला मुद्दा कळला. बरोबर मागे उभ्या असलेल्याचा आवाज खाचेत दोन्ही बाजूंना सारखाच जातो, फक्त उलटसुलट: एकीकडे वर तर दुसरीकडे खाली. दोन्ही बाजू वेगळ्या वाजल्या तर तो ऐकू येतो. एकाच स्पीकरमध्ये एकत्र आल्या की रस्सीखेचीत दोन्ही गट तोलामोलाचे निघावेत तसं होतं. दोघं जीव तोडून ओढतात आणि दोरी जागची हलत नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका स्पीकरच्या पेटीत हेच झालं, आणि आमच्या दिरांनी चार स्पीकर लावून तेच परत केलं. आई घाबरल्या नव्हत्या. साहेबाने त्यांना अशा जागी उभं केलं होतं की गरिबाच्या पेटीत ती जागाच नव्हती.

घड्या उलगडणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, कुठल्या तरी थंड देशातल्या एकाने हौसेने लिहिलेलं. त्यात विचारतात, रीत कोणती? कव्हरवर जहाज होतं, रीत नव्हती. मी पहिली निवडली तर मोठ्या आई छतावरून गायला लागल्या आणि डावीकडची बाई कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागली. दुसरी निवडली आणि सगळ्या आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मग मी पुढचं सगळं बंद केलं आणि मागच्या दोन फाइली तेवढ्या ठेवल्या.

आईंचा आवाज एकटा, स्वच्छ, समोर. विशीतला. पहिल्या दोन कडव्यांना त्या मोठ्या आईंची ओळ झेलत होत्या, जशी झेलायची तशी. देवांना आवतण, पितरांना आवतण. तिसऱ्याला वरमाय येते, म्हणजे नवऱ्याची आई, आणि तिचं कौतुक असतं, ती कशी सोन्याची, तिचा हात कसा सढळ. मोठ्या आईंनी ती ओळ म्हटलेली रविवारी ऐकलीच होती. दोघींनी तीच झेललेली. आणि मागून आई, त्याच चालीत, त्याच ठेक्यात, गात होत्या:

‘वरमाय आमची गोर बोलं,
सुक्या मावऱ्याला टालं घालं.
पोटुशी सून उपाशी निजं,
वरमायचा हांडा चुलीवर शिजं.’

माझं माहेर डोंबिवलीचं, मूळ कोकणातलं, पण एवढ्या वर्षांत ही बोली मला येते. तरी मी चार वेळा ऐकलं, कारण विश्वास बसेना. गोड बोलणारी वरमाय, सुक्या मासळीला टाळं, आणि पोटुशी सून उपाशी. टाळं आजेसासूचं. ती किल्ल्या कमरेला लावूनच झोपायची, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या वेळी घरात पोटुशी होत्या मोठ्या आई. पोटात आमचे दीर. त्यांच्याकडे आज पाहून हे कधीकाळी उपाशी राहिले असतील असं कोणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

स्टुडिओत काचेपलीकडे बसलेल्या साहेबाला बोली कळत नव्हती. त्याला वाटलं असेल, गाण्यातलंच काहीतरी आहे. त्याने ते छापलं, आणि ज्या बाईबद्दल ते होतं तिच्यासमोर ते वाजलंही. तेव्हाच्या काळात, त्या घरात, नव्या सुनेचं हे ऐकू गेलं असतं तर तिची रवानगी शहाडला झाली असती आणि परत बोलावणं आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा कामावर गेलेला असताना, मी आईंना बसवलं आणि हेडफोनचा एक भाग त्यांच्या चांगल्या कानाला लावला. मावऱ्याची ओळ आली. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, परत लाव.

नंतर त्या थांबत थांबत बोलल्या ते असं. त्यांना गाताना भान नव्हतं. मोठी जाऊ सकाळपासून उपाशी, उभी, आणि सासूच्या सढळ हाताचं गाणं म्हणतेय हे बघून त्यांचं डोकं फिरलं. रेकॉर्ड आली तेव्हा त्या जीव मुठीत धरून बसल्या होत्या. आवाज आला नाही तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. पण मग सगळे म्हणायला लागले की तू नुसतं तोंड उघडलंस, आणि हळूहळू त्यांनाही वाटायला लागलं की तसंच असेल. आपण मनात म्हटलं असेल, ओठ हलले असतील. जन्मात एकदा सासूला उलटून बोललो असं ज्याला धरून होतो, तेही घडलंच नसेल. सासू मेली, तिच्या किल्ल्या वाटल्या गेल्या, जमीन गेली, टॉवर उभा राहिला, आणि हे एवढं एक त्यांना ठरवता येईना.

“बोल्ली व्हती मी,” त्या म्हणाल्या. मला नाही, समोरच्या बाल्कनीकडे बघून. मग म्हणाल्या, तिला बोलाव.

मी घाबरले. ज्या बाईने पन्नास वर्षं चेष्टा केली तिला दाखवून द्यायचं म्हणजे बाल्कन्यांची महायुद्धं होतील, असं मला वाटलं. पण आईंचा चेहरा बघून मी फोन केला. मोठ्या आई आल्या. गुडघ्यांमुळे लिफ्टपासून सोफ्यापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी मनातल्या मनात चहा, पाणी, दवाखाना सगळ्याची तयारी केली. मी त्यांना हेडफोन घातला आणि मागचाच आवाज लावला.

त्या ओळीपर्यंत आल्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि जावेकडे बघून म्हणाल्या, “मना माहीत हाय. तू माज्या पाठीशी उबी व्हतीस. मना तवाच आयकाला आला.”

इतके दिवस उलटसुलट लाटा समजून घेताना ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तबकडीत आवाज हरवला. खोलीत हरवला नव्हता. तिथे चार बायका हाकेच्या अंतरावर उभ्या होत्या.

मग आईंनी विचारलं, की माहीत होतं तर जन्मभर मला तोंड उघडून उभी का म्हणालीस. मोठ्या आईंनी सांगितलं की स्टुडिओतून आल्यापासून त्यांना झोप नव्हती. रेकॉर्ड येणार, म्हातारी ऐकणार. आणि म्हातारी पेटीला नाक लावून बसलेली असताना ती ओळ आली आणि आवाज आलाच नाही. त्यांना वाटलं गावदेवी पावली. पण म्हातारी हुशार. ती विचारणार, हिचा आवाज कुठे गेला, परत लावा, नीट लावा, दुसरी पेटी आणा. म्हणून तिने तोंड उघडायच्या आत मोठ्या आईंनी सांगून टाकलं, ही गायलीच नाही. बाकी दोघींनीही भीतीने तेच धरून ठेवलं. आणि मग ते पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, म्हणजे कोणी शोधायला जाऊ नये.

मी मधे पडून विचारलं, म्हातारी गेल्यावर तरी सांगायचं होतं. मोठ्या आईंनी जरा विचार केला आणि तोवर सवय झाली होती असं सांगितलं.

आई म्हणाल्या, “मना वाटला, कोनी आयकलाच नय.”

“मी आयकला,” मोठ्या आई म्हणाल्या. “मना पन त्याच बोलाचा व्हता. पन मना पुढं उबी केल्ली.”

मला वाटलं झालं, आता चहा टाकावा. मी उठले. तेवढ्यात आई जावेला म्हणाल्या, “मंग आथा बोल.”

मोठ्या आईंनी आधी दाराकडे पाहिलं, म्हातारी अजून पडवीत बसली असल्यासारखं. मग पदर सावरला, आणि भर दुपारी, चौदाव्या मजल्यावर, सुक्या मावऱ्याचं टाळं त्यांनी असं काही उघडलं की शोकेस थरथरली. दुसऱ्या ओळीला मागून आई झेलायला लागल्या. इंटरकॉम वाजत होता. मी उचलला नाही.